छापखान्याचा सर्व्हर आणि मराठी नावांच्या फाइल: प्रकल्प नोंदी

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एक छोटा छापखाना आहे, स्वतःची पुस्तकं काढतो आणि दुसऱ्यांचे दिवाळी अंकही छापतो. तिथल्या फाइलचा बॅकअप नीट लावायचं काम मी सुट्टीच्या दिवशी करतोय. तयार स्क्रिप्ट पाहिजे तेवढ्या मिळतात, पण त्या लिहिणाऱ्यांनी फाइलचं नाव रोमन, आखूड आणि जागा न सोडलेलं धरलेलं असतं. इथे एकही नाव तसं नाही. मराठी कचेरीत असलंच काम काढणाऱ्यांना या नोंदींचा उपयोग व्हावा. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगनेच द्यायची.

शनिवार, ५ जुलै २०२५

मशीन म्हणजे जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्स). सिस्टमसाठी २५६ जीबीची एसएसडी, आत २ टीबीची हार्डडिस्क, तीच सांबाने (सर्व्हरवरचे फोल्डर विंडोज-मॅकला दाखवणारा प्रोग्रॅम) सगळ्यांना दिलेली. तीन विंडोज पीसी आणि डीटीपी करणाऱ्या ताईंचा एक म्हातारा मॅक. एकूण माल ३८० जीबीच्या आसपास. आजवरचा बॅकअप असा: मालक, म्हणजे अण्णा, आठवण झाली की पेनड्राइव्ह लावतात. त्यावर ‘कॉपी’ नावाचा फोल्डर आहे, त्यात ‘कॉपी नवी’, आणि तिच्या आत पुन्हा ‘कॉपी’.

दिवाळी अंकांची कामं यायला लागली आहेत, त्यामुळे दिवसा मशीन बंद ठेवायची सोय नाही. आज फक्त पाहणी केली, आरसिंक (फाइल कॉपी करणारं साधन) आणि शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं) बसवलं. शेलचेक कुठल्याही स्क्रिप्टवर आधी चालवावं. अवतरणचिन्हांत न घातलेले व्हेरिएबल ते लगेच पकडतं, आणि नावात जागा असलेल्या फाइलचे हाल बहुतेक तिथूनच सुरू होतात.

शनिवार, १२ जुलै

पहिली पायरी: विंडोज पीसींच्या डी ड्राइव्हवरचा सगळा माल सर्व्हरवर आणणं. पीसीचा ड्राइव्ह सर्व्हरवर माउंट करून (म्हणजे एका फोल्डरच्या जागी जोडून) आरसिंक लावलं. तीन तासांनी ते २३ या कोडवर संपलं. २३ म्हणजे काही फाइल पोचल्या नाहीत. (२४ आला तर फार घाबरू नका. कॉपी चालू असताना फाइल नाहीशी झाली एवढाच त्याचा अर्थ. वर्डच्या तात्पुरत्या फाइल हे नेहमी करतात.)

न पोचलेल्या फाइलवर एकच तक्रार: नाव फार लांब. एक नमुना देतो:

दिवाळी अंक २०२५ ज्येष्ठ लेखकांच्या मुलाखती विभाग दुसरा अण्णांनी तपासलेली दुरुस्त प्रत छपाईला पाठवायची नाही

विंडोजवर हे नाव बिनबोभाट चालतं. एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टमची नावाची मर्यादा २५५ आहे आणि ती यूटीएफ-१६च्या एककांत मोजतात, देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक. हे नाव वर्डच्या विस्तारासकट १११ एककांचं, म्हणजे निम्मंसुद्धा नाही. लिनक्सवरच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टमचीही मर्यादा २५५च, पण बाइटची. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे. ‘ज्येष्ठ’ आपण दोन अक्षरं म्हणून वाचतो, डिस्कवर ती सात चिन्हं, २१ बाइट. वरच्या नावात ९२ चिन्हं आहेत: २७६ बाइट, वर १४ जागा आणि ५ बाइटचा विस्तार, एकूण २९५. थोडक्यात, ईएक्सटी४वर सलग देवनागरीची ८५ चिन्हं झाली की कोटा संपला. एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टम घेऊन सुटका नाही, तिथेही २५५ बाइटच.

आधी यादी काढावी म्हणून पॉवरशेलमधून नावं टेक्स्ट फाइलमध्ये घेतली. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ बाणाने (> चिन्हाने) लिहिलेली फाइल यूटीएफ-१६मध्ये ठेवतं, म्हणून एन्कोडिंग सांगून यूटीएफ-८ करून घ्यावी लागली. मग ऑकला (ओळी तपासणारं साधन) ‘लांबी २५५हून जास्त असेल ती ओळ दाखव’ म्हटलं. लॅपटॉपवर एकही ओळ नाही. तीच फाइल, तीच ओळ सर्व्हरवर दिली तर पडदा भरून नावं. लॅपटॉपवरच्या फेडोरात (दुसरं लिनक्स) जीऑक आहे, ते लोकेलप्रमाणे (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) चिन्हं मोजतं. डेबियनवरचं एमऑक बाइट मोजतं. यावर अर्धी दुपार गेली. आता ऑकच्या आधी एलसी_ऑल=सी लिहायचं, म्हणजे दोन्हीकडे बाइटच मोजले जातात.

यादी छापून अण्णांपुढे ठेवली.

“अरे, नाव वाचलं की आत काय आहे ते कळतं. आखूड केलं तर मला फाइल उघडून बघावी लागेल.”

मुद्दा बरोबर होता. तडजोड अशी झाली: वर्ष आणि विभाग फोल्डरच्या नावात, शेरे फाइलच्या नावात. मर्यादा प्रत्येक फोल्डर आणि फाइलच्या नावाला वेगवेगळी लागते, त्यामुळे एवढ्यावर भागतं. नावं ताईंनी बदलली. स्क्रिप्टने आपोआप कापायचा विचार मी सोडून दिला, कारण कापताना नेमकं शेवटचं ‘नाही’ उडालं असतं.

शनिवार, १९ जुलै

तापकीर गल्लीतून ४ टीबीची बाह्य डिस्क आणली, पक्क्या बिलासकट साडेदहा हजार. वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी आहे. ती एक्सफॅट फाइलसिस्टममध्ये आली आणि अण्णांना ती तशीच हवी होती, म्हणजे वेळ पडली तर विंडोजला लावता येईल. पण मला आरसिंकचा लिंक-डेस्ट वापरायचा होता. त्यात रोज तारखेच्या नावाचा पूर्ण फोल्डर दिसतो, मात्र न बदललेल्या फाइल आदल्या दिवसाच्या हार्डलिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) असतात, जागा खात नाहीत. एक्सफॅटला हार्डलिंक जमतच नाही, तिथे रोज ३८० जीबी नव्याने गेले असते. शेवटी ईएक्सटी४ केली.

लिंक-डेस्टला मार्ग रूटपासून (पहिल्या तिरक्या रेघेपासून) पूर्ण द्या. अर्धा दिला तर तो आपण उभे असलेल्या फोल्डरपासून न धरता ज्या फोल्डरात कॉपी चाललीय तिथून धरला जातो. मग आरसिंक एक इशारा छापतं आणि गुपचूप सगळं पुन्हा कॉपी करतं.

स्क्रिप्टच्या डोक्यावर नेहमीचं सेट: चूक झाली की थांब, न दिलेलं व्हेरिएबल वापरलं की थांब, पाइपमधली मधली कमांड पडली तरी थांब. त्याखाली एफलॉक, म्हणजे कालचं काम संपलेलं नसताना आजचं सुरू होत नाही. शेवटी सामायिक फोल्डरात ‘बॅकअप झाला’ नावाची छोटी फाइल, तीत तारीख आणि वेळ, मराठी अंकांत. ताई सकाळी आल्या की ती बघतात, तारीख शिळी असली तर मला फोन. मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा मला हे बरं वाटतं. बिघडलेल्या स्क्रिप्टकडून बिघाडाचा मेल येईल याचा काय भरवसा?

सोमवार, २१ जुलै (घरून)

हाताने चालवलं की चालतं, क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) रात्री चालवलं की नाही. दोन वेगळी कारणं निघाली.

पहिलं फुटकळ. लॉगच्या नावात तारीख यावी म्हणून क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीतच डेट कमांड लिहिली होती. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, त्यामुळे तिथून पुढचं सगळं कापलं गेलं. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा तारीख स्क्रिप्टच्या आत काढा. मी आत नेली.

दुसऱ्याने संध्याकाळ खाल्ली. मराठी अंकांसाठी टीआर (एका अक्षराजागी दुसरं घालणारं साधन) वापरता येत नाही. जीएनयूचं टीआर बाइट-बाइटने चालतं आणि देवनागरी अंकांचा चिवडा करतं. म्हणून सेडची वाय कमांड घेतली: डावीकडे इंग्रजी दहा अंक, उजवीकडे मराठी दहा. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल उघडून) शिरून चालवलं तर बरोबर. क्रॉनमध्ये मात्र सेड म्हणे, दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. त्याच्या दृष्टीने खरंच नव्हती: एकीकडे १० बाइट, दुसरीकडे ३०. एसएसएचने शिरलं की माझ्या लॅपटॉपचं लोकेल सोबत येतं, क्रॉनला मशीनचं स्वतःचं मिळतं, आणि इन्स्टॉल करताना इथे नुसतं ‘सी’ निवडलेलं होतं. बॅकअप पूर्ण होत होता, शेवटची चिठ्ठी लिहिताना स्क्रिप्ट पडत होती.

स्क्रिप्टमध्ये वरच एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ टाकलं. डेबियनमध्ये हे लोकेल आयतं असतं, वेगळं तयार करावं लागत नाही. याच बदलाने दुसरंही एक कोडं सुटलं. रात्रीच्या लॉगमध्ये फाइलच्या नावांऐवजी तिरकी रेघ, हॅश आणि ३४०, २४४, २४६ असे आकडे येत होते. तो आपला ‘द’, अष्टमान पद्धतीत लिहिलेले त्याचे तीन बाइट. ‘सी’ लोकेलमध्ये आरसिंक देवनागरी अशीच छापतं.

शनिवार, २६ जुलै

शुक्रवारी सकाळी ताईंचा फोन: प्रिंट जात नाही आणि बॅकअपची तारीख जुनी आहे. फोनवरून काही उमजेना, म्हणून आज गेलो.

रूट डिस्क, म्हणजे सिस्टमची एसएसडी, शंभर टक्के भरलेली. छपाईची स्पूल फाइल लिहायलाही जागा नाही. पण डीयूने (फोल्डरांतल्या फाइल मोजणारी कमांड) रूटवरची बेरीज केली तर जेमतेम ९ जीबी. डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) एक सांगतं, डीयू दुसरं. असं झालं की आधी उघड्या पण पुसलेल्या फाइल बघायच्या, एलएसओएफला प्लस एल १ देऊन. तिथे काही नव्हतं. आयनोडही (फाइलसाठीच्या नोंदींच्या जागा) संपले नव्हते.

घडलं होतं ते असं. गुरुवारी महावितरणची देखभाल, लाइट गेले. यूपीएसने थोडा वेळ दम धरला आणि मग मशीन बंद पडलं. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू झालं, पण बाह्य डिस्कचा अडॅप्टर ज्या बोर्डावर आहे त्याचं बटण बंद राहिलं होतं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना माउंट करायच्या डिस्कांची यादी) या डिस्कला नोफेल लावलेलं, म्हणून मशीन डिस्कशिवायही निमूट बूट झालं. रात्री स्क्रिप्ट चालली. माउंटच्या जागी रिकामा फोल्डर होता, तो एसएसडीवरचा. आदल्या दिवसाचा फोल्डर सापडेना म्हणून सगळा माल पहिल्यापासून कॉपी व्हायला लागला: ३८० जीबी, २५६च्या डिस्कवर. शुक्रवारी कोणीतरी बटण लावून मशीन रीस्टार्ट केलं. खरी डिस्क त्याच फोल्डरवर माउंट झाली आणि खालचा सगळा ढीग झाकला गेला. म्हणून डीयूला तो दिसत नव्हता.

झाकलेलं बघायला डिस्क काढावी लागत नाही. रूटचा बाइंड माउंट (तीच जागा दुसऱ्या ठिकाणीही दाखवणं) दुसऱ्या रिकाम्या फोल्डरवर करायचा. साध्या बाइंडमध्ये वरचे माउंट सोबत येत नाहीत, मूळ एसएसडी उघडी दिसते. तिथून डीयू चालवल्याबरोबर ढीग सापडला. पुसण्याआधी तो मार्ग बाइंडचाच आहे हे डीएफने तपासलं. खऱ्या बॅकअपचाही मार्ग अगदी तसाच दिसतो, आणि आरएमला (पुसणारी कमांड) फरक कळत नाही.

तीन दुरुस्त्या केल्या. स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट कमांडने तपासणी, डिस्क नसेल तर तिथेच बाहेर. डिस्क काढून खालच्या रिकाम्या फोल्डरला चॅटरने प्लस आय लावलं, म्हणजे डिस्क माउंट नसताना रूटलाही (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) त्यात लिहिता येत नाही. माउंट मात्र त्यावर व्यवस्थित होते. या दोन्हींतून एकच ठेवायची तर मी दुसरी ठेवेन. माउंटपॉइंटची ओळ पुढच्या स्क्रिप्टमध्ये लिहायची राहू शकते, फोल्डरचा कुलूपबंद गुण राहतोच. तिसरी दुरुस्ती तंत्राची नाही: त्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ लिहिलं. अण्णांनी त्याखाली ‘आदेशावरून’ असं जोडलं.

शनिवार, २ ऑगस्ट

या प्रकल्पातलं सर्वांत चिवट दुखणं. सर्व्हरवर ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं’ नावाचे तीन फोल्डर, एकाच ठिकाणी, शेजारी-शेजारी. अक्षराला अक्षर तेच. ताईंना वाटत होतं की माझ्या स्क्रिप्टनेच कॉप्या काढून ठेवल्या.

एलएसचं उत्तर ओडीमध्ये सोडून बाइट पाहिले. घोळ एकट्या ‘ऱ्या’चा. पहिल्या फोल्डरात यू+०९३१ (हा युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक), म्हणजे अखंड ऱ, त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, यू+०९३०, आणि त्यापुढे सुटा नुक्ता (खालचं टिंब), यू+०९३सी. हा ताईंच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेला, ती फाइलसिस्टम नावांची अक्षरं फोडूनच साठवते. तिसऱ्यात र, हलन्त आणि त्यापुढे यू+२००डी हा न दिसणारा जोडणारा. जुन्या टायपिंग पद्धतीतून ‘दुसर्‍या’ असा येतो तो. डोळ्याला तिन्ही सारखे, लिनक्सला तीन वेगळी नावं. आणि मराठीत हे अक्षर कुठे नाही? तिसऱ्या, कादंबऱ्या, सुधारणाऱ्या, सगळीकडे.

दुसरा प्रकार कॉन्व्हएमव्हीने (फाइलच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारं साधन) सुटतो: यूटीएफ-८मधून यूटीएफ-८मध्येच, एनएफसी (फोडलेली अक्षरं अखंड करणारा) पर्याय देऊन. हे साधन नुसतं चालवलं तर काय करणार तेवढंच दाखवतं, खरोखर बदलायला नोटेस्ट द्यावं लागतं. ही सवय सगळ्या साधनांना असायला हवी होती. तिसऱ्या प्रकाराला मात्र कुठलंही युनिकोड सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी तो आणि अखंड ऱ समान नाहीतच. तिथे सेडने ‘र, हलन्त, जोडणारा’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालणारी ओळ लिहिली. मराठीत र-हलन्तानंतर जोडणारा येतो तो याच अर्ध्या र साठी, म्हणून ही बदली बेधडक करता येते. सगळेच न दिसणारे जोडणारे पुसून टाकणारी स्क्रिप्ट वापरू नका, ‘दुसर्‍या’चा ‘दुसर्या’ होतो.

नावं बदलताना त्या नावाचा फोल्डर आधीच असेल तर कॉन्व्हएमव्ही पुढे जात नाही, ते ठीकच. म्हणून आधी तिन्हींतल्या फाइलची यादी काढली, एकाच नावाच्या फाइलचे शा-२५६ (आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) ताडून पाहिले. बहुतेक जुळले. एका प्रकरणाचं प्रूफ मात्र दोन फोल्डरांत वेगळं निघालं: एकात लेखकाच्या दुरुस्त्या घातलेल्या, दुसऱ्यात नाहीत. दुरुस्तीविना असलेलं पहिल्या फोल्डरात होतं आणि पुढच्या आठवड्यात पानं लावायला तेच उचललं गेलं असतं. कुठलं ठेवायचं ते ताईंनी कागदाशी पडताळून सांगितलं. बाकीचं आरसिंकने एकत्र केलं.

ही नावं साफ करणारी स्क्रिप्ट आता रोज रात्री बॅकअपच्या आधी चालते, पण फक्त यादी करते. बदल हाताने.

शनिवार, ९ ऑगस्ट

ताईंची मागणी: सुट्या पानांच्या पीडीएफ जोडून वाचनासाठी एक प्रूफ. पीडीएफयुनाइट हे क्षणात करतं. मुद्रितशोधकांकडून निरोप आला की पान १ नंतर १०, मग ११, आणि २ कुठेतरी मागे. सॉर्टला व्ही दिलं की आकडे आकड्यांसारखे लागतात, पण त्याला इंग्रजी अंकच आकडे वाटतात. ‘पान_१२’मधलं १२ त्याच्या लेखी नुसती अक्षरं.

उपाय जुनाच: प्रत्येक नावाआधी त्याची इंग्रजी अंकांतली नक्कल आणि टॅब लावायचा, तिच्यावर सॉर्ट व्ही करायचं, मग कटने नक्कल काढून टाकायची. तीच सेडची वाय, उलट्या दिशेने. अर्ध्या तासाचं काम, आणि प्रेसमध्ये कौतुक झालं ते एवढ्याचंच.

आजच डेबियन १३ आलं. दिवाळी अंक छापून बाहेर पडेपर्यंत इथे हात लावणार नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

जुने स्नॅपशॉट, म्हणजे रोजचे तारखेचे फोल्डर, काढायची वेळ. तयार ओळ सगळीकडे एकच मिळते: फाइंडला एमटाइम प्लस ३० आणि डिलीट. डिलीटच्या जागी आधी प्रिंट ठेवून चालवलं. यादीत सगळेच स्नॅपशॉट आले, आज पहाटेचासुद्धा.

आरसिंकचा ए पर्याय फोल्डरची वेळही मूळ फोल्डरवरून उतरवतो. मूळ वरच्या फोल्डरात एप्रिलपासून नवं काही तयार झालेलं नाही (सगळी हालचाल आतल्या फोल्डरांत), त्यामुळे प्रत्येक स्नॅपशॉटच्या अंगावर एप्रिलची तारीख. ती ओळ तशीच क्रॉनमध्ये गेली असती तर रात्री बॅकअपमधल्या महिन्याहून जुन्या सगळ्या फाइल साफ. आता वेळ बघायचीच नाही, नाव बघायचं. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस असं इंग्रजी अंकांत आहे, ते सॉर्ट करून शेवटचे ३० सोडून बाकीचे काढायचे. आरएमच्या मार्गात व्हेरिएबलला कोलन-प्रश्नचिन्हाची जोड दिली, म्हणजे ते रिकामं असलं तर शेल पुढे जातच नाही.

बुधवारी गणपती. प्रेस पाच दिवस अर्धवेळ.

शनिवार, १३ सप्टेंबर

परत आणून बघण्याची चाचणी. एका पीसीवर रिकामा फोल्डर करून त्यात मागच्या आठवड्यातलं एक पूर्ण पुस्तक आणलं. फाइल सगळ्या आल्या, शा-२५६ जुळले, नावं बरोबर. ताईंनी पहिलं प्रकरण उघडलं आणि पानभर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं. या पीसीवर तो फाँट नव्हता. प्रेसचं निम्मं जुनं काम युनिकोडपूर्व फाँटांत आहे. तिथे ‘क’ म्हणून साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षरच, मराठी दिसते ती फाँटच्या जोरावर. आणि फाँट राहतात विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात, जो मी डी ड्राइव्ह घेताना घेतलाच नव्हता.

तिन्ही पीसींचे आणि मॅकचे फाँट फोल्डर आज यादीत घातले, काही मेगाबाइटचा प्रश्न. पण दोन फाँटसंच नुसत्या कॉपीने चालत नाहीत, मूळ प्रोग्रॅम बसवावा लागतो. त्याची सीडी अण्णांच्या कपाटात मिळाली, परवान्याच्या कागदासकट. सीडी वाचायला इमारतीत एकही ड्राइव्ह नाही. तापकीर गल्लीत फोन करून विचारलं, यूएसबीवरचा मिळतो, हजार-बाराशेला. तो आला की सीडीची आयएसओ प्रतिमा (अख्खी सीडी एका फाइलमध्ये) काढून तीही बॅकअपमध्ये घालायची. एवढं झालं की पुस्तकाची चाचणी पुन्हा, आणि या खेपेला पीसी असा निवडायचा ज्यावर प्रेसचं काहीही बसवलेलं नाही.